डोंग्याले आवतन

श्रावण संपत आला की चिखलीच्या बाजारात दुकानांच्या पुढ्यात रंगीत गोंडे लटकायला लागतात. बैलांच्या डोक्याला बांधायच्या मठाट्या, घुंगरमाळा, बेगडाचे ताव, शिंगांना लावायचा हिंगूळ. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. ज्याच्या दारात कधी शेळीसुद्धा नव्हती असा माणूस पोळ्याच्या दुकानांसमोर रेंगाळतो, याचं दुकानदारांना आता नवल वाटत नाही. सुरुवातीला एकाने विचारलं होतं, "बैल कसे हायेत गुरुजी, थोराड का लहान?" मी म्हणालो, "लाकडी." त्याला वाटलं, नातवाच्या तान्ह्या पोळ्यासाठी असणार. त्याने लहान गोंडे पुढे केले. मला मोठे हवे होते. माझा बैल चांगला वीस-बावीस फूट लांब होता, त्याला दोन खिडक्या होत्या आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते.

हे सगळं त्याला कसं समजावणार? मी लहान गोंडे घेऊन घरी आलो.

तो बैल मला भेटला तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचा बुलढाणा जिल्हा जागचा न हलता थोड्याच वर्षांत तिसऱ्या राज्यात येऊन बसला होता, त्यामुळे समारंभांचं आम्हाला फारसं अप्रूप राहिलं नव्हतं. नवं राज्य आलं की ते आल्याचं सांगायला कुणीतरी पाहुणा येतो, शाळेची मुलं उन्हात उभी राहतात आणि झेंडू महाग होतो, एवढं अनुभवाने कळलं होतं. या खेपेला मात्र दाखवण्यासारखं काहीतरी होतं. मलकापूरहून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर एका नदीला बांध घालून धरण झालं होतं. उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांनी त्या पाण्यातून एक फेरी मारावी, असं कुणाच्या तरी मनात आलं. त्यासाठी मुंबईहून मालगाडीने एक नाव मलकापूरला आली. मी तिथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या थांबवून लोक ती बघायला उभे राहिले होते, त्यांत मीही होतो.

"काय हाय बे हे?"

"डोंगा होय."

"मंग ह्याले चाकं कुठी हायेत?"

"पाण्यात कायले पाह्यजे चाकं?"

"पाण्यात नाई बे. पण पाण्यालोक जाईन कसा हा?"

पाण्यापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न वरच्या लोकांनाही पडला असावा, कारण नाव पुढे बरेच दिवस स्टेशनाबाहेरच पडून होती. शेवटी ती ट्रकवर चढली, धरणावर पोचली, आणि मंत्रीही आले. नावेत लाल गालिचा अंथरला होता. मधोमध एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. मंत्र्यांनी फीत कापली, नावेकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि पुढच्या कार्यक्रमाची त्यांना एकदम आठवण झाली. नावेचं इंजिन मागाहून येणार होतं, हे कुणी त्यांच्या कानात सांगितलं, की पाण्याकडे पाहून त्यांनी स्वतःच ठरवलं, हे इतिहासाला माहीत नाही. मोटारी गेल्या. नाव राहिली.

धरणावरचा इंजिनियर माझा शाळेपासूनचा मित्र. उद्घाटनाच्या आदल्या हिवाळ्यात माझी बायको, मालती, गेली होती. तापाचं निमित्त झालं होतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. आठवडाभर शाळा मला सांभाळून घ्यायची. पानिपत दरवर्षी पुस्तकाच्या त्याच पानावर व्हायचं, आणि मुलं दरवर्षी नव्याने चिडायची. अडचण शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सुरू व्हायची. घरी चहा टाकला की स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज आपणच केला हे कळायला मला प्रत्येक वेळी क्षणभर लागायचं.

शिवाय आमंत्रणं होती. "या ना रविवारी जेवायला, एकटेच असता." लोक भले होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी आत शिरलो की त्या घरातले आवाज खाली यायचे. मुलांना मागच्या अंगणात पिटाळलं जायचं. मी नको म्हणायच्या आत पानात दुसरी पोळी पडायची, आणि मालतीचं नाव सगळेजण असं चुकवायचे, जसं अंधारात करकरणारी फळी चुकवतात. दुःखाचाही एक समारंभ असतो. त्यातही मधोमध एक खुर्ची मांडलेली असते, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. त्या खुर्चीवर बसणं मला जमेना.

मित्र म्हणाला, "रिकामी राहिली तर नाव खराब होते. लाकूड तडकतं. माणसाचा वावर पाहिजे तिच्यात. तू शनिवार-रविवार राहत जा." हे तो नावेबद्दलच बोलतोय असं मी धरून चाललो, आणि त्यानेही मला तसं धरून चालू दिलं.

नावेच्या देखरेखीवर पुंजाजी नावाचा माणूस होता. त्याचं शेत धरणात गेलं होतं. काठावरचा एक उतरता तुकडा तेवढा उरला होता. त्यावर त्याचं टिनाचं घर होतं, आणि त्याच्यापुढेच नावेचा दोर बांधायचा खुंटा त्याने ठोकला होता. बैल त्याने विकले होते. पुंजाजीने त्याआधी आयुष्यात नाव पाहिलेली नव्हती. मी पाहिल्या होत्या, पण पुस्तकात, आणि त्याही बहुतेक आरमाराच्या, म्हणजे बुडालेल्या.

शेतकऱ्याच्या आणि खलाशाच्या अवजाराला मराठीने एकच शब्द का दिला, ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं. मला एवढंच माहीत आहे की नावेबरोबर गालिचा आला, पडदे आले, आणि नांगर राहिला. इंजिनियर पुंजाजीला म्हणाला, "नावेला एक नांगर लागेल रे. बघ कुठे सोय होते का." दुसऱ्या दिवशी पुंजाजी शेजाऱ्याच्या गाडीवर घालून आपला लोखंडी नांगर घेऊन हजर.

"आनला साहेब. पण पाण्यात नांगरून पेरता काय?"

इंजिनियर हसत सुटला. मग हसता हसता थांबला. त्याने नांगराचं एक टोक उचलून वजनाचा अंदाज घेतला, त्याला साखळी बांधायला सांगितली आणि तो पाण्यात सोडला. फाळ तळाच्या चिखलात रुतला, साखळी ताणली गेली, आणि तोवर काठाला धडका देत असलेली नाव मुकाट्याने उभी राहिली. मुंबईचा नांगर पुढे कधी आला नाही, आणि कुणी त्याची आठवणही केली नाही. तो फाळ पुंजाजीच्याच शेतात रुतला होता. "कपाशी व्हती इथं," असं तो मला एकदा म्हणाला, आणि लगेच पावसाचं बोलायला लागला.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने मी धरणावर उतरायचो. पुंजाजी खुंट्यावरचा दोर ओढून नाव काठाला आणायचा, मी पिशवी घेऊन चढायचो, आणि मग लांब बांबूने तळ रेटत दोर संपेपर्यंत नाव आत न्यायचो. तिथे नांगर सोडायचा. जगापासून मी त्या दोराच्या लांबीइतका दूर असायचो. मला तेवढं पुरत होतं.

बिऱ्हाड बसायला थोडा वेळ लागला. स्टोव्ह, कंदील, सतरंजी, चारसहा पुस्तकं, आणि प्यायच्या पाण्याची एक कळशी. चारी बाजूंनी पाणी असलेल्या घरात पाणी वाहून नेणारा मीच. कपात चहा नेहमी एका बाजूला कललेला दिसे, आणि तो सरळ करायच्या नादात मी स्वतः कलत असे. मंत्र्यांच्या खुर्चीवर मी कंदील ठेवायचो. टॉवेल भांडी पुसायला कामी आला. लाल गालिच्याला पावसाळ्यात बुरशी धरली, तेव्हा तो गुंडाळून उशाला घेतला. नव्या रंगाचा, ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा असा एक मिश्र वास तिथे होता. सोमवारी वर्गात शिकवताना तो माझ्या बाहीला यायचा. पाणी तळाला खालून थापटत राहायचं. पहिल्या शनिवारी मी "कोण आहे?" असं मोठ्याने विचारलं होतं.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये जेवढं फिरता येईल तेवढी नाव वाऱ्यावर फिरत राही. खिडकीत आता टेकडी असायची, थोड्या वेळाने धरणाची भिंत, मग पाणकावळे बसलेला एक वाळका बाभळीचा शेंडा, मग पुंजाजीचं घर. घर एका जागी उभं असतं, म्हणून त्यातलं गेलेलं माणूस ठरलेल्या कोपऱ्यात सापडत राहतं. इथे कोपरेच जागेवर नव्हते. मी वाचायचो, डुलकी काढायचो, बगळ्यांचं राजकारण बघायचो. सुखी होतो असं म्हणवत नाही. पण तिथे मला कुणी सांभाळून घेत नव्हतं.

अपवाद एकच. रविवारी दुपारी काठावरून हाक यायची. पुंजाजीची बायको कौतिकाबाई पाठवायची आणि पुंजाजी ओरडायचा.

"गुरजीऽऽ! जेवाले येता काय? वांग्याचं भरीत हाय!"

"आज उपास आहे!"

"मांगच्या अयतवारी बी उपासच व्हता ना!"

"तो वेगळा!"

मग पाण्यावरून आवाज यायचा, "लय देव हायेत हो तुमचे!"

पुढच्या रविवारी माझं पोट बिघडलेलं असायचं. त्याच्या पुढच्या रविवारी मी आधीच जेवलेलो असायचो. पुंजाजी माझ्या सांगण्याशिवाय दोर ओढायचा नाही, आणि मी सांगत नव्हतो. भरताचा वास मात्र दोराची वाट बघत नसे.

असा आषाढ गेला, श्रावणही संपत आला. त्या वर्षी पोळा रविवारी आला.

आदल्या दिवशी मी पोचलो तेव्हा नाव आधीच काठाला आणलेली होती. पुंजाजी तिच्या टोकाशी गुडघाभर पाण्यात उभा. काठावर कौतिकाबाई हातात वाटी घेऊन. वाटीत कोमट तूप आणि हळद. पुंजाजी पळसाचं पान त्यात बुडवून नावेच्या पुढच्या भागाला, निमुळत्या टोकाच्या दोन्ही अंगांना, सावकाश चोळत होता.

"हे काय चाललंय?"

"खांदशेकनी."

"कोणाची?"

"कोनाची म्हंजे? ह्याची." त्याने नावेवर थाप मारली. वर्षभर जू ओढून दुखावलेला बैलाचा खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी असा शेकतात, हे मला माहीत होतं. नावेचा खांदा कुठे असतो हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"अरे, ही नाव आहे."

"खुंट्याले बांधेल हाय का नाई? दोर हाय का नाई? अन् नांगर कोनाजोळ हाय?" पुंजाजी मान वर न करता म्हणाला. "मंग बैल नाई तं काय?"

मी बरीच वर्षं मुलांना तर्कशुद्ध उत्तरं लिहायला शिकवत होतो. यात मला खोट काढता येईना.

रस्त्यावरून एकजण आपली जोडी धुवायला नेत होता. तो थांबला. "पुंजाजी, तुह्या बैलाले शिंगं कुठी हायेत बे?"

"तुह्या बैलाले पोहता येते काय?"

"चारा काय खाते?"

"मास्तर खाते," कौतिकाबाई म्हणाली. "दर शनवारी एक."

तो माणूस हसत हसत गेला. मीही हसलो, आणि हसू लपवायला नावेत चढून दाराशी पुस्तक उघडून बसलो. पुंजाजीने हात धुतले, डोक्याचं फडकं सारखं केलं, आणि बैलाच्या कानाशी वाकतात तसा नावेच्या टोकाशी वाकून, चांगलं ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी पान उलटलं. आमंत्रण नावेला होतं, मला नव्हतं. त्यामुळे नाकारायचं निमित्त शोधायची गरज नव्हती. मी ते शोधलं नाही, आणि तिथेच फसलो.

रविवारी दिवसभर झिमझिम होती. दुपार कलल्यावर उघडलं. वरच्या बाजूला वसलेल्या नव्या गावातून ढोल ऐकू यायला लागला, मधून घुंगरांचा एकत्र आवाज. तिथे तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या असणार आणि सरपंचांचं भाषण चालू असणार, कारण ढोल मध्येच बराच वेळ थांबला होता. पाणी काळसर, स्थिर. मी खिडकीत बसून होतो. सगळं जग एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, असं वाटायला फार मोठं तळं लागत नाही.

ढोल पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळाने संपला. काठावर पुंजाजी आला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं फडकं.

"गुरजीऽऽ! नांगर वर घ्या!"

"का रे?"

"आज पोया हाय! पोयाच्या दिवशी बैलाले नांगर नसते लावत!"

त्यात मला काही गैर दिसलं नाही. सण त्याचा, नांगर त्याचा. मी साखळी ओढायला लागलो. नांगर जड होता, आणि तळाने तो सहज सोडला नाही. वर आला तेव्हा फाळाला काळी माती चिकटून आली होती, लोण्यासारखी मऊ. मी तो फळ्यांवर टेकवला, धापा टाकत मान वर केली, आणि पाहतो तर काठ जवळ येत होता. पुंजाजी दोर ओढत होता.

"पुंजाजी! अरे, मला आज उपास..."

"डोंग्याले नाई ना उपास?"

"आवतन नावेला होतं!"

"मंग डोंगाच आनून राह्यलो मी! तुमी त्याच्यात बसेल हा, त्याले मी काय करू?"

हातात बांबू होता. तळ रेटून मला नाव मागे नेता आली असती. पण दोराच्या एका टोकाला नवं फडकं बांधून हसणारा माणूस आणि दुसऱ्या टोकाला बांबू घेऊन तळ्याच्या मध्याकडे पळू बघणारा हायस्कुलातला मास्तर, हे चित्र माझ्याच डोळ्यांपुढे आलं. मी बांबू खाली ठेवला.

नाव काठाला टेकली. कौतिकाबाई ताट घेऊन उभी होती. पोळ्याला बैलाच्या पायांवर पाणी घालतात. इथे पाय आधीच पाण्यात होते, तरी तिने तांब्याने टोकावर थोडं पाणी ओतलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा तुकडा फळीवर ठेवला. पुंजाजीने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण आणि लाल-हिरवा गोंडा बांधला. तेवढ्यात त्याचं लक्ष नांगराकडे गेलं. तो वाकला, फाळावरची माती चिमटीत घेतली, अंगठ्याने चोळली.

"अजून बरी हाय," तो म्हणाला. आणि धोतराला हात न पुसता तसाच घराकडे चालायला लागला.

घरात दोन पाट मांडलेले होते. "बैलाले वाढलं अन् बैलासंगच्या मानसाले नाई वाढलं, असं कुठी असते काय?" कौतिकाबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला नाही. चूल धूर करत होती, म्हणून तिने चुलीला दोन शिव्या दिल्या. पुंजाजीला कढी जास्त लागते यावरून त्याला बोलली. मला पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं, आणि माझ्या तोंडात पहिला घास असताना सरळ विचारलं,

"तुमच्या बाई कशा करत पुरनपोया?"

आठ-नऊ महिन्यांत मालतीबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. ती कशी गेली ते सगळ्यांना माहीत होतं. ती काय करायची, हे कुणी विचारत नव्हतं.

"फुटायच्या," मी म्हणालो.

"कडीकून का मंधातून?"

"कडेनं. पुरण तव्यावर सांडायचं. मग ती चिडून सगळ्याचा गोळा करायची आणि म्हणायची, हे असंच खातात."

कौतिकाबाई इतकी हसली की पुंजाजीही पोळी हातात धरून हसायला लागला. मग मीही. "अन् तुमी खायचे?"

"खायचो. काय करणार?"

"कनीक घट भिजोत असतीन त्या," डोळे पुसत ती म्हणाली. "सैल पाह्यजे, चांगली लोंबली पाह्यजे. कडीकून फुटली म्हंजे कनीकच घट. दुसरं काई नाई." आणि विचारल्याशिवाय माझ्या पानात दुसरी पोळी टाकली. ती फुटलेली नव्हती. मी ती संपवली.

ती नाव नंतर दुसऱ्या एका धरणावर गेली, दुसऱ्या मंत्र्यांसाठी. इंजिन आलं असं पुढे ऐकलं, तेव्हा इथे नाव नव्हती. नांगर पुंजाजीने दिला नाही. खुंट्याशेजारी तो उभा करून ठेवलेला मी शेवटचा पाहिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला मी परत नावेत चढलो. पुंजाजी म्हणाला, "नांगर आज टाकू नोका. उद्या टाका." मी हो म्हणालो. बांबूने रेटत नाव दोराच्या शेवटापर्यंत नेली, कंदील लावला, आणि तो ठेवायला खुर्चीकडे वळलो. मग कंदील खाली फळ्यांवर ठेवला आणि खुर्चीवर मीच बसलो.

माझ्याकडे एक बातमी होती. इतकी वर्षं मालतीला वाटायचं की तवा वाईट आहे, मग वाटायचं डाळ वाईट आहे, एकदा तर तिने मलकापूरच्या हवेला दोष दिला होता. आणि कणीक घट्ट होत होती, एवढंच. ही बातमी ज्या एका माणसाला सांगायची, ते माणूस सोडून बाकी सगळ्या जगाला ती आधीच माहीत होती. माणूस गेलं म्हणजे काय झालं, ते मला तिथे, पोट भरलेलं असताना, कळलं.

नांगर वर होता. वारा हळूहळू नाव काठाकडे लोटत होता. मी उठून बांबूने ती मागे रेटली, थोड्या वेळाने पुन्हा रेटली. काठावर कौतिकाबाई भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता, आणि तो आवाज माझा नाही हे मला लगेच कळत होतं. नाव पुन्हा काठाकडे निघाली तेव्हा मी खुर्चीवरून उठलो नाही.